कणा मिलिंदचा, सल्ले सगळ्यांचे

एका माणसाच्या पाठीचं ऑपरेशन होतं आणि अख्ख्या घराचे किस्से होतात! २००६ साली नेदरलँड्समधल्या आमच्या उइटहॉर्नच्या घरात हेच झालं. नवऱ्याची, मिलिंदची, एक डिस्क सरकली, आणि मी तेव्हापासून सांगतेच आहे.

*

ऑफिसला कधी जायचं? एक सर्जन म्हणाले, "सहा आठवडे ऑफिस विसरा." हॉस्पिटलच्या त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या सर्जनबाई म्हणाल्या, "बसवेल तेव्हा जा. सायकलही चालेल."

पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई वैतागल्या. "यांच्यापेक्षा आपले जोशीबुवा बरे! निदान एक मुहूर्त तरी देतात!"

*

आईंनी येताना डबाभर डिंकाचे लाडू आणले होते. सकाळ-संध्याकाळ एकेक.

"आई, मी बाळंत नाही झालोय गं!"

"गप खा. कंबर ती कंबर!"

*

मग मिलिंदचा डच बॉस भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन आला. "टेक युअर टाइम," म्हणाला, कॉफी प्यायला, गेला. मिलिंद पांढराफटक! पुण्याच्या कंपनीत गुच्छ मिळायचा तो शेवटच्या दिवशी. इथे तर नोकरी गेली की राहण्याचं परमिटही गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून विचारलं, "माझं डेस्क कधी रिकामं करू?"

बॉस ओरडलाच, "डेस्क? अरे, तुला काही उचलायचं नाहीये!"

मी पोट धरून हसले. पण त्याची भीती काही जाईना. झोपेतून दचकून उठायचा बिचारा. फार वाईट वाटायचं मला.

*

शेवटी त्याने जाहीर केलं, "सोमवारी मी ऑफिसला जाणार." आई म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत तरी नाही!" दोघांचा अबोला. म्हणून तपासणीला आम्ही तिघंही गेलो, त्या सायकलवाल्या सर्जनबाईंकडे. दुभाषी अर्थातच मी.

"घरी काय काय करतो हा?" बाईंनी विचारलं.

"काही करू देत नाही मी," आई अभिमानाने म्हणाल्या. "मोजेसुद्धा मीच घालते." मिलिंद लाजून लालेलाल!

"मग भाजीच्या पिशव्या? व्हॅक्यूम क्लीनर जिन्यावरून वर कोण नेतं?"

"मीच की!"

एवढं बोलून आई पाण्याची बाटली घ्यायला उठल्या. उठताना टेबल धरलं, क्षणभर तशाच थांबल्या. सर्जनबाई बघत होत्या.

"तुमची पाठ कधीपासून दुखते?"

"हा पोटात होता तेव्हापासून," आई सहज म्हणाल्या. मिलिंदने मान वर केली. हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

सर्जनबाई त्याला म्हणाल्या, "सोमवारपासून अर्धा दिवस ऑफिस. मोजे स्वतःचे स्वतः." मग आईंकडे वळल्या. "आणि तुम्ही आता सुट्टी घ्यायची."

मी मराठीत सांगितलं. आईंना खरोखरच हसू आलं. पदराने डोळे टिपत त्यांनी मला विचारलं,

"सुट्टी? आणि ती मागायची कुणाकडे गं?"