कानटोपीच्या आत विमल

कराड सोडलं त्या दिवशी विमल मला पोचवायला खाली गाडीपर्यंत आली आणि तिनं माझ्या हातात एक तपकिरी कानटोपी कोंबली. स्वतः विणलेली, जाड, हनुवटीखाली बटण असलेली. माझा मुलगा अभिजित डिकीत बॅगा लावत होता. मावशी, तिकडे यापेक्षा भारी टोप्या मिळतात, असं तो म्हणालाही. विमलनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला एवढंच म्हणाली, "चालणं सोडू नकोस." मी फ्लॅटची किल्ली तिला दिली, "येते" म्हटलं, ती "ये" म्हणाली. रडलो नाही आम्ही. बावीस वर्षं रोज संध्याकाळी साडेसहाला कृष्णेच्या घाटावर बरोबर चाललेल्या बायकांचं एवढ्यावर भागतं.

आता मी अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये अभिजितकडे राहते. कराडच्या मैत्रिणींनो, तुमच्यातल्या निम्म्या जणींना वाटतं की मी स्वर्गात आहे आणि उरलेल्यांना वाटतं की मी कैदेत आहे. दोन्ही खोटं. घर उबदार आहे, सून मुग्धा गुणी आहे, नात मला चष्मा शोधून देते. फक्त इथे पायांना काम नाही. दूध आणायचं तर गाडी, देवळात जायचं तर गाडी. कराडात मी "जाऊन येते गं" असं शेजारी सांगून निघायचे. इथे निघायचं म्हटलं की कुठे, कशाला, किती वेळ, याची उत्तरं द्यावी लागतात. मुलांमागून इकडे आलेल्या तुम्ही काकू-मावश्या हे ओळखून असाल.

विमलच्या साडेसहाला हिवाळ्यात इथे सकाळचे सात वाजतात. तिथे दिवेलागणीची वेळ, इथे उजाडायची. म्हणून आम्ही परत बरोबर चालायला लागलो. ती घाटावर, मी इथल्या तळ्याभोवतीच्या फुटपाथवर, आणि मध्ये फोन. मुग्धानं मला वाढदिवसाला मोठे वायरलेस हेडफोन दिले होते. ते कानटोपीवर घातले तर घसरत, आणि त्यांच्यावरून कानटोपी ओढली की माझ्या डोक्याला दोन टेंगळं येत. नात म्हणाली, "आजी, यू हॅव बेअर इअर्स." अस्वलाचे कान, तर असू देत. उजवा कप मी कानामागे सरकवून ठेवायचे. एक कान विमलला, एक कान रस्त्याला. हातमोज्यांनी फोनला काही कळत नाही, त्यामुळे विमलचा कॉल मी नाकाच्या शेंड्यानं घ्यायचे. शेजारचा गोरा म्हातारा बर्फ ढकलता ढकलता हे बघायचा आणि फावडं उंचावून मला सलाम करायचा.

जानेवारीत पारा उणे अठराला गेला. आई, आजपासून बेसमेंटमधली ट्रेडमिल, असं अभिजितनं जाहीर केलं. मी ती एकदा करून पाहिली होती. अर्धा तास चालले आणि जिथे होते तिथेच उतरले. दुसऱ्या दिवशी सातला मी दोन स्वेटर, त्यांवर जॅकेट आणि कानटोपी चढवून बाहेर पडले. पाय कोरड्या, मीठ टाकलेल्या फुटपाथवरच ठेवला. मला अक्कल आहे.

विमल तिच्या जावेच्या गुडघ्याचं सांगत होती आणि अर्ध्या वाक्यात तिचा आवाज गेला. हेडफोन बंद. जॅकेटच्या बाहेरच्या खिशातला फोन काढला, तर तोही काळा. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, हे मी तीस वर्षं शाळेत मुलांकडून घोकून घेतलं, आणि स्वतः फोन बाहेरच्या खिशात ठेवून निघाले. माझं मलाच हसू आलं. फेरी अर्धी राहिली होती, ती पूर्ण करायला निघाले.

पाऊण फेरी झाली असेल, तेवढ्यात अभिजितची गाडी कचकन थांबली. घरातले कपडे, पायात सपाता. माझं लोकेशन त्याच्या फोनवरून नाहीसं झालं होतं. मीटिंग तशीच सोडून तो धावला होता आणि तळं अर्धवट गोठलेलं असतं हे त्याच्या डोक्यात होतं. त्यानं मला गाडीत बसवलं आणि हीटर पूर्ण वाढवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग तो म्हणाला, "आई, धिस इज इट. उद्यापासून एकटीनं बाहेर जाणं बंद. कॅन्सल."

मी कानटोपीचं बटण सोडलं. म्हटलं, "अभिजित, मला एक सांग. मी इथे राहते, की मला इथे आणून ठेवलंय?"

गॅरेजचं दार वर गेलं, खाली आलं, तरी आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो.

आज गप्प बसले तर मार्चपर्यंत घरात, आणि पुढल्या वर्षी कोणी विचारणारही नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुपारी मी सुई-दोरा काढला आणि आतल्या स्वेटरला आतून खिसा शिवला, फोन अंगाच्या उबेला राहील असा. हेडफोन मुग्धाला परत केले आणि तिच्याकडून जुना वायरचा इअरफोन मागून घेतला. त्याला ना चार्जिंग, ना रुसवाफुगवा. थंडीत वायर सुतळीसारखी ताठ होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायनिंग टेबलावर, माझ्या चहाच्या कपाजवळ, तो जुना इअरफोन माझ्या नव्या फोनला जोडायला लागणारी छोटी पिन ठेवलेली होती. ती अभिजितच्या ऑफिसच्या बॅगेत असते. तो पाठमोरा उभा राहून टोस्टला लोणी लावत होता. मी कानटोपी चढवली, बटण लावलं आणि दाराशी जाऊन म्हटलं, "येते रे."

लोणी लावायचा हात थांबला. कुठे, किती वेळ, काहीतरी येणार म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं होतं.

"ये," तो म्हणाला.

त्या शब्दावाचून मी अकरा महिने या घरात पाहुणी होते, हे मला तेव्हा कळलं. बाहेर उणे सोळा होतं. कानात विमल आली. काल माझा आवाज मध्येच गेला तेव्हा तू काय केलंस, असं मी तिला विचारलं. अभिजितसारखी तीही घाबरली असेल, असं मला वाटलं होतं.

"काय करणार? फेरी पूर्ण केली," विमल म्हणाली. "तू थोडीच थांबली असशील?"