नणंदेने बदललेले वाक्य

माझ्या नणंदेने औषधांच्या दुकानाचे काउंटर एकतीस वर्षे सांभाळले. कुणी अँटिबायोटिकची अर्धीच पट्टी मागितली, की त्या कडाडत, "न्हाव्याकडून अर्धं डोकं भादरून उठता का? पाच दिवस म्हणजे पाच दिवस!" सारी गल्ली त्यांना पाचदिवसबाई म्हणे.

माझे धाकटे दीर घड्याळे दुरुस्त करत. यकृत बिघडल्याने त्यांना एकदा भ्रम झाला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी एक पातळ औषध आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायची गोळी दिली.

तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारची माझ्या डायरीत नोंद आहे : 'भावजींनी बटणे चुकीच्या काजात लावली. रिकामा कप ढवळत बसले.'

मी वन्संना बोलावले. त्यांनी भावाच्या हाती पेन्सिल दिली. "नाव लिही." अक्षरे उतरणीला लागली होती.

"गोळ्या कुठायत?"

"पाच दिवस घेतल्या, ताई. उरलेल्या कपाटात. तुझाच भाऊ ना मी!"

वन्संच्या तोंडचे पाणीच पळाले. रिक्षा बोलावून त्या तडक त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. चौथ्या दिवशी भावजी शुद्धीत बोलू लागले, तेव्हा कुठे वन्सं माझ्याकडे चहाला बसल्या.

"अहो वहिनी, त्या गोळीतलं अँटिबायोटिक रक्तात जवळजवळ उतरतच नाही. आतड्यात राहून तिथल्या जंतूंना आवरतं. ते जंतू अमोनिया करतात. धडधाकट यकृत तो निस्तरतं, याचं थकलंय. मग तो मेंदूवर चढतो. जंतू पुन्हा वाढतात, म्हणून गोळी रोजची. प्रवासातल्या काही जुलाबांना हेच औषध तीन दिवस पुरतं. आणि मी मेली सगळ्यांना एकच पाढा शिकवला!"

दुसऱ्या दिवशी दुकानात भर गर्दीत त्या म्हणाल्या, "माझं वाक्य चुकीचं होतं. त्यानं माझाच भाऊ आडवा झाला. चिठ्ठीवर किती दिवस लिहिलेत, ते मोठ्यानं वाचा. तितकेच." एकतीस वर्षांचा तोरा असा चारचौघांत उतरवायला छाती लागते. मी तिथेच उभी होते, आणि ही माझी नणंद आहे, असे शेजारच्या अनोळखी बाईला उगाचच सांगितले.

महिन्याभराने भावजी कामावर बसले. पहिले घड्याळ वन्संचेच. सोबतच्या दुरुस्तीच्या चिठ्ठीवरची त्यांची सही सरळ रेषेत होती.

"घ्या, पाचदिवसबाई."

"गोळी घेतलीस?"

"घेतली. तीनशेपासष्टदिवसबाई म्हणू का आता?"

"म्हण. पण संध्याकाळची विसरू नकोस."

ती चिठ्ठी मी डायरीत चिकटवली आहे.