रविवारची घंटा आणि पेतेलोचा फोन

वादळाने टॉवर आडवा केला, तेव्हापासून टोंगातल्या त्या चिमुकल्या बेटावर फोन नुसते चेहरा बघायच्या कामाचे उरले होते. कालोलाइनेने मात्र हात टेकले नाहीत. एका फोनने जवळच्या दुसऱ्याला निरोप द्यायचा, त्याने तिसऱ्याला, असं जाळं तिने विणलं. कोण कधी मासे धरायला जाईल, कोणाची बॅटरी मरेल, नेम नाही. म्हणून प्रत्येक निरोप शेजारच्या तीन फोनांत ठेवायचा, एक गेला की चौथ्याने घ्यायचा. झकास चाललं. बाई फुशारली, आणि का फुशारू नये?

रविवारी फजिती झाली. लूपेवहिनीचे दिवस भरत आलेले, भाऊ परदेशी फळं तोडायला गेलेला. वहिनीने बेटाच्या पार टोकाच्या नर्सला निरोप धाडून पाहिला. तो पोचला दुपारची जेवणं झाल्यावर! सकाळी घंटा वाजली, तशी तिन्ही शेजाऱ्यांनी चर्चच्या दारातच फोन बंद केले होते, आणि आसपासच्या सगळ्यांनीच. शेजारी म्हणजे भावकी, अन् भावकीचं चर्च एकच.

"बये, जन्म इथे गेला तुझा, आणि रविवार विसरलीस?" आई म्हणाली.

वहिनी पोटावरून हात फिरवत होती. खऱ्या कळा रविवारीच सुरू झाल्या तर? कालोलाइनेला धडकीच भरली.

आठवडाभर खपून तिने जाळं पुन्हा बसवलं. आता तीन फोन तीन वेगळ्या पंथांच्या चर्चांचे. आपण वेस्लियन प्रार्थनेला बसतो, तोवर कॅथलिक पहाटेच उरकून घरी आलेले असतात. मॉर्मनांची वेळ आणखी निराळी.

"म्हणजे आपले निरोप त्या कॅथलिक पेतेलोच्या उशाशी? तो मेला घोरत असतो!" आईने नाक मुरडलं.

"घोरू दे गं. फोन जागा असला म्हणजे झालं."

पुढच्या रविवारी आई वहिनीजवळ थांबली. कालोलाइने चर्चमध्ये गायला उभी राहिली, फोन बंद करून. सूर दोनदा चुकला.

घरी परतली तर दाराशी नर्सची सायकल. आतून टॅहँ ऐकू आलं. ती धावतच आत शिरली.

"कळा कधी सुरू झाल्या?"

"तू गेलीस अन् लगेच. मुलगी झाली." आईचे डोळे भरलेले, तोंड मात्र चालूच. "पेतेलो घोरतच होता म्हणे, निरोप त्याच्या फोनने परस्पर पुढे धाडला. तुझाही फोन बंद. तुझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही हो!"

कालोलाइने दारातच बसली आणि हसता हसता रडायला लागली. इतकं कौतुक तिचं आजवर कुणी केलं नव्हतं.