भिंतीवरचा पाइप
परवा एसटीत उभ्यानं आले आणि दांडा धरलेल्या हाताला लोखंडाचा वास लागला, तसं परंड्याचं आमचं विकलेलं घर आठवलं. आईला अर्धांगवायू झाल्यावर वडिलांनी खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंतीला लोखंडी पाइप बसवला होता. तो धरून ती शेवटपर्यंत स्वतः चालली. ती गेल्यावर घर विकलं. चावी द्यायच्या सकाळी वडील पाइप काढायला लागले, तेवढ्यात घर घेणारे गुरुजी आले. "भिंतीत बसवलेलं काढायचं नाही, असं ठरलंय," ते म्हणाले. "व्हय, ठरलंय. पंखे ठेवतो, टाकी ठेवतो, एवढा पाइप तेवढा न्हेऊ द्या," वडील म्हणाले. गुरुजी हळूच म्हणाले, "माझ्या आईलाबी आधाराशिवाय चालता येत न्हाय. हा पाइप बघूनच घर घेतलं." वडिलांनी पाइपावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी सैल केलेले स्क्रू पुन्हा आवळले आणि म्हणाले, "वळणावर त्यांना जपायला सांगा. तिथं हात सुटतो." पुढं माझ्याकडं राहायला आल्यावर त्यांचेही पाय थकले. "आपल्या भिंतीला पाइप बसवू का?" मी विचारलं, तर "नको गं" म्हणाले आणि नुसत्या भिंतीला हात लावत चालत राहिले. आता तेही नाहीत. भिंतीवर त्यांच्या बोटांचे काळपट डाग आहेत आणि दिवाळी तोंडावर आली तरी रंग द्यायला माझं मन धजत नाही.