एका टेबलाला एकच पॉज

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडल्या तर सलग दोन पानं मी आजवर लिहिलेली नाहीत. तुमचा वेळ घ्यावा असं माझ्याकडं काही आहे का — तेही नक्की सांगता येत नाही. पण हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वर्गातल्या मित्रांना नाही, ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारण काही फार चांगलं नाही, ठाऊक आहे मला.

गोष्ट एका खेळाची आहे. खेळाची म्हटल्यावर कदाचित तुम्हाला हसू येईल. मलाही बरेच दिवस वाटायचं, की खेळ तर होता.

इंटरनेटवर जुन्या युरोपचा नकाशा असतो. सात खेळाडू, सात देश. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशीब कुठंच नाही. सगळ्यांनी एकमेकांना खासगी निरोप लिहायचे — तू माझ्या बाजूनं राहा, मी तुझ्या सीमेवरून फौज मागं घेतो. मग दर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत, प्रत्येकानं आपल्या फौजांना गुपचूप हुकूम द्यायचे. पाच वाजता सगळ्यांचे हुकूम एकदम उघडतात. कोण खरं बोलला, कोणी फिरवलं, ते तेव्हा कळतं. ज्याच्याकडं जास्त ठाणी, तो पुढं. महाराष्ट्रभरातल्या मराठी खेळाडूंची स्पर्धा होती. सात जणांचं एक टेबल, आणि प्रत्येक टेबलावरचे पहिले दोघं फायनलला जाणार होते.

वर्गात मी मागच्या बाकावर बसतो. सरांनी इंग्रजीत काही विचारलं की उत्तर येत असूनही उभं राहून नुसता बघत राहतो. इथं तसं नव्हतं. इथं मराठीत लिहायचं होतं, आणि विचार करायला दोन दिवस होते. नागपूरचा, पुण्याचा, कोल्हापूरचा माणूस माझ्या निरोपाची वाट बघायचा. पडेगावातल्या दोन खोल्यांच्या घरातून कोणी आपली वाट बघावी असं लिहू शकतो — हे मला नवीन होतं. त्याची सवय लागली. सवयच म्हणायची ना?

मी तुर्कस्तान होतो. ऑस्ट्रिया होत्या सुनंदाताई. अकोल्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायच्या. वय पन्नाशीचं असेल. सहा वर्षं खेळत होत्या आणि एकदाही फायनलला पोचल्या नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला लिहिलं होतं, "मला एकदा ते फायनलचं टेबल बघायचंय रे. जिंकायचं नाही. नुसतं बसायचंय." आमची युती ठरली. मी त्यांच्या सीमेवर फौज ठेवायची नाही, त्यांनी माझ्या नाही. नवख्याला असा भरवसा कोणी देत नाही. त्यांनी दिला.

इथं एक सांगायला हवं. या खेळात खोटं बोलणं हा दोष नाही. उलट चांगलं खोटं बोलणाऱ्याचं कौतुक होतं. डाव संपला की प्रत्येक जण एक निवेदन लिहितो — मी कोणाला काय थापा मारल्या, कुठं दगा दिला — आणि ज्यांना दगा दिला तेच वाचून हसतात, दाद देतात. पण एक गोष्ट कुठंच लिहिलेली नाही, तरी सगळे पाळतात. खोटं नकाशाबद्दल बोलायचं. घराबद्दल नाही.

त्या गुरुवारी दुपारी मी कॉलेजच्या अभ्यासिकेत नकाशा उघडून बसलो होतो. रशिया म्हणजे नागपूरचा वैभव. त्यानं आणि इटलीनं मिळून मला दोन्हीकडून कोंडलं होतं. पाच वाजता माझी दोन ठाणी जाणार होती, आणि त्यानंतर उरलेली. वैभवला फोडायला वेळ हवा होता. पाच तासांत ते होण्यासारखं नव्हतं.

नियमात एक सोय होती. एका टेबलाला एकच पॉज. तीन दिवस डाव थांबवायचा. खरी अडचण असेल तर, आणि सातही जणांनी मान्य केलं तर.

मी लिहिलं — "आईला अचानक दवाखान्यात दाखल केलंय. पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. तीन दिवस मिळतील का?"

बघा, लिहून झालं. इतका वेळ फिरत होतो ते याच्याभोवती. पण तेवढ्यावर थांबत नाही.

निरोप पाठवला आणि पाचव्या मिनिटाला आईचा फोन आला. ती शेंद्र्याला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. त्या दिवशी पाळी लवकर सुटली होती.

"मेथी आणू का शेपू?"

"काहीपण आण."

"काहीपण नावाची भाजी नसती रे. बाजारात उभी हाय मी, लवकर सांग."

"मेथी."

"लई मोठा सायब झाला," म्हणाली आणि ठेवला फोन.

तोवर टेबलावर उत्तरं आली होती. इटलीचा खेळाडू कुरकुरत होता, ऐन हुकमांच्या दिवशी पॉज कसा काय? ताईंनी सगळ्यांसमोर त्याला झापलं. "कोणाच्या आईपेक्षा तुमचा नकाशा मोठा आहे का हो?" त्यानंही मान्य केलं. पॉज मिळाला.

त्या तीन दिवसांत मी वैभवला चार लांबलचक निरोप लिहिले. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय, असं सुरुवातीला टाकायचो. तो मऊ झाला. चौथ्या निरोपानंतर त्यानं इटलीला सोडलं. मी वाचलो.

ताई मात्र खेळाचं काही लिहीतच नव्हत्या. दुर्बिणीतून केलं का? टाके किती? कोणती गोळी दिली? औषधांच्या खिडकीवरचा माणूस — थातुरमातुर उत्तर चालणार नव्हतं. मी इंटरनेटवर शोधून, नीट वाचून उत्तरं द्यायचो. परीक्षेला एवढं वाचलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "तेलकट देऊ नकोस. पातळ वरण दे. आणि तूही जेव." मी ते वाचत होतो तेव्हा आई समोर बसून मिरचीची भजी खात होती.

पॉज संपल्यावरही त्या विचारत राहिल्या. एकदा फोन कॉटवर पडला होता, आईनं स्क्रीन बघितली. "आईंना विचारलं म्हणून सांग" असं होतं.

"कोण रे ही ताई?"

"कॉलेजातल्या मॅडम हायेत."

"चांगली बाई दिसती. वळख ना पाळख, तरी इचारती. माझा पण जय भीम सांग त्यांना."

मी सांगितला. ताईंनी उलट जय भीम पाठवला, आणि खाली लिहिलं, आईंचा आवाज आल्यासारखं वाटलं. आईबद्दल मी त्यांना पाठवलेल्या सगळ्या निरोपांत तेवढा एक खरा होता.

मला तेव्हा काय वाटलं? तुम्ही विचाराल म्हणून सांगतो — काही नाही. पोटात कालवलं, झोप उडाली, असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. मी जेवलो आणि प्रॅक्टिकलची वही पूर्ण केली.

साधारण तीन आठवड्यांनी ताईंनी सगळ्यांसमोर लिहिलं, "घरी थोडी अडचण आहे. मला तीन-चार दिवस मिळू शकतील का?"

संयोजकांचं उत्तर लगेच आलं. ते भले गृहस्थ आहेत, त्यांना दोष नाही. "ताई, या टेबलाचा पॉज वापरून झाला आहे. इथं दुसरा दिला तर बाकीच्या टेबलांवर अन्याय होईल. माफ करा."

"बरोबर आहे सर. बघते जमेल तसं."

हे मी सिटी बसमध्ये वाचलं. खिडकीची जागा मिळाली होती. छावणी मागं पडली होती, घर यायला दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत मला एक ओळ लिहायची होती — सर, माझा पॉज खोटा होता, मला बाद करा, ताईंना वेळ द्या. बस. त्यात काही अवघड शब्द नव्हता. कोणी इंग्रजीत विचारलं नव्हतं. उभं राहून बोलायचंही नव्हतं.

मी ताईंना खासगीत लिहिलं, "काळजी घ्या ताई. तुमची सीमा मी सांभाळतो."

आईच्या ऑपरेशनचं खोटं बोललो ते डाव वाचवायला, असं एक वेळ म्हणता येईल. पण त्या बसमध्ये? तिथं मला काय वाचवायचं होतं? तुर्कस्तान?

त्या पाचच्या वेळेला ताईंचे हुकूम आलेच नाहीत. त्यांच्या फौजा जागच्या जागी उभ्या राहिल्या. वैभवनं सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, "ताई अडचणीत आहेत, या खेपेला मी तिकडं जात नाही." तो खेळात पक्का लबाड आहे, पण गेला नाही. मी गेलो. दोन ठाणी घेतली. उघडी होती.

पुढच्या वेळेला पाच वाजायला अगदी थोडं राहिलं असताना त्यांचे हुकूम आले. उघडले तेव्हा दिसलं — त्यांच्या शिल्लक फौजेला त्यांनी माझ्या फौजेच्या मदतीला लावलं होतं. रशियाविरुद्ध. आधी ठरलं होतं तसं. आपली दोन ठाणी कोणी घेतली हेही त्यांनी पाहिलं नसावं. किंवा पाहिलं असेल. त्याच वेळी मी त्यांचं तिसरं ठाणं घेतलं होतं.

टेबलावर वैभव पहिला, मी दुसरा, ताई तिसऱ्या. मी फायनलला गेलो आणि सहावा आलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग निवेदनं आली. मी मोठं लिहिलं. इटलीला कसं झुलवलं, वैभवला कोणता नकाशा दाखवला, ताईंची सीमा सांभाळतो म्हणून कशी घेतली — पाच खोटी मोजून सांगितली. लोकांनी वाहवा केली. "पोरगं लई पोचलेलं आहे," असं एकानं लिहिलं. सहावं मी लिहिलं नाही. ताईंनी निवेदन लिहिलंच नाही. काही दिवसांनी त्या खेळाडूंच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. हरल्यामुळं रुसल्या असतील, असं मी ठरवलं. सहा वर्षांत एकदाही कोणावर न रुसलेली बाई. तरी मी ठरवलं, आणि ते मला पटलंही.

आठ महिने गेले. मागच्या आठवड्यात कॅन्टीनच्या दारात उभा होतो तेव्हा वैभवचा फोन आला. नवीन स्पर्धेची नावं गोळा करत होता.

"काय बे तुर्कस्तान, खेळतो का नाही यंदा?"

बघतो म्हटलं. मग, का कोण जाणे, विचारलं, ताई खेळणार आहेत का?

त्यानं उलट मलाच विचारलं.

"तुले अजून माहीत नाही का बे? तिचे बाबा दवाखान्यात भरती होते तेव्हा. ती एकटीच होती त्यांच्यापाशी, भाऊ यायचा होता. वार्डात रेंज नव्हती. एकदा हुकूम नाही गेले म्हणून तिले लागून राह्यलं — आपल्यापायी सगळ्याइचं टेबल बिघडते म्हणे. म्हणून पाच वाजायच्या आधी खाली गेटपाशी गेली, मोबाईल घेऊन. पंधरा मिनिटं. वर आली तं बाबा गेले होते."

मी म्हटलं, मला कोणीच कसं सांगितलं नाही?

"तिनंच नाही म्हटलं होतं," वैभव म्हणाला. "म्हणे, त्या पोट्ट्याले सांगू नको. त्याच्या मायचं आत्ताच ऑपरेशन झालं आहे, उगा घाबरून जाईन."