वहिनीच्या वाफ्यांतला मैला

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. घरात विषय निघाला की विहिरीवरचा पंप बघायच्या निमित्ताने उठून जायचो. आमच्या वसईच्या वाडीतली थंडीची भाजी वहिनीच्या मासळीच्या खताने बाद झाली, असं नात्यागोत्यात अजून सांगतात. ते खोटं आहे, आणि ते मी पसरवलं.

थोरला भाऊ गेल्यावर केळीपलीकडचे वाफे वहिनी बघायची. दसरा झाला की माती उकरून उन्हात तापवायची, मग शेणखत, राख आणि कोळीवाड्यातून आणलेला सुक्या मासळीचा चुरा घालून वर पेंढा अंथरायची. युरियाचा दाणा तिने कधी वाडीत येऊ दिला नाही. मासळीचा वास चार दिवस यायचा, मग मातीत मुरायचा. मेथी, मुळा, लाल माठ न्यायला एव्हरशाईन सिटीच्या इमारतींतून बायका रिक्षाने यायच्या आणि तिलाच विचारायच्या. भाऊ गेल्यावर तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

त्या वर्षी वाफे उकरून, खत आणि पेंढा घालायचं माझ्यावर सोपवून ती भाचीच्या लग्नाला माहेरी गेली. नव्या इमारतींच्या संडासाच्या टाक्या उपसणारे टँकर तेव्हा रिकामं व्हायला जागा शोधत फिरत. एका टँकरवाल्याने मला रस्त्यात गाठलं. मला वडिलांचं सोनखत आठवलं. माणसाचा मैला महिनोन् महिने कुजवून घातला की पीक सोन्यासारखं येतं, असं ते सांगायचे. त्यातलं कुजवणं मी सोयीने विसरलो. मासळी वाहून आणायचा त्रास वाचतोय, एवढंच पाहिलं आणि टँकर वहिनीच्या वाफ्यांवर नेला.

पाइप सुटला तेव्हा मी नाकाला टॉवेल लावून उभा होतो. काळा, फेसाळ लगदा, त्यात केसांचे गुंते, रबर, ब्लेडची पाती, वर फिनेलचा भपकारा. तरी मी त्यावर माती ओढली आणि तिच्या हातचा वाटावा असा पेंढा नीट सारखा केला. माझ्या त्या हातांची मला अजून किळस येते.

वहिनीने येऊन बी टाकलं. रोपं वर आली आणि पिवळी पडली. वास वाढतच गेला. तिने वाफ्यात हात घातला, तर केसांचा गुंता निघाला.

"भावजी, हे काय?"

"कुत्र्यांनी आणलं असेल."

"कुत्रे कधीपासून केस पुरायला लागले?"

रविवारी गिऱ्हाइकं आली. एक बाई पदर नाकाला लावून म्हणाली, "मावशी, हीच का तुमची बिनयुरियाची भाजी? आमची मुलं खातात हो ही."

"हा माझ्या मासळीचा वास नाही, बाई," वहिनी म्हणाली.

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वहिनी जुन्या वळणाची. ऐकत नाही कुणाचं. ओलीच मासळी घातली असणार."

वहिनी मातीचे हात पदराला पुसत राहिली. पुढल्या दसऱ्याला तिने कुदळ उचलली नाही. बाजारातली मेथी मुकाट्याने निवडायची.

ती शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली, तेव्हा मी रोज उशाशी बसायचो. वाक्य तयार होतं: वहिनी, तो टँकर मी आणला होता, मला माफ कर. एका दुपारी तिने डोळे उघडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"वहिनी," मी म्हणालो, "पाणी देऊ?"