बेटावर आलेली जीप

गेल्याच्या गेल्या रविवारी मी एक पैज लावली. हरण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मोठ्या तोऱ्यात लावली...

आमचा जव्हारमध्ये सिनेमा बघणाऱ्या पाच-सहा जणांचा कट्टा आहे. रविवारी दुपारी माझ्या शिलाईच्या दुकानात जमतो. आठवडाभरात मोबाईलवर जे पाहिलं त्यावर प्रत्येकाने बोलायचं. चहा माझा, मतं ज्याची त्याची.

माझं मत विचारावं लागत नाही. त्या दिवशी मी एका नव्या सिनेमाची सालटी काढत होते. त्यातली बाई दिवसभर वाकून भाताची आवणी करते आणि घरी येते तेव्हा साडीची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसते. म्हटलं, या दिग्दर्शकाला एक दिवस आमच्या जामसरच्या शेतातल्या चिखलात उभा करा, मग त्याला साडी म्हणजे काय ते कळेल.

मग वर्षा मॅडम बोलल्या. त्या झेडपीच्या शाळेत शिकवतात. त्यांनी एक जुना सिनेमा पाहिला होता. बेटावर राहणारं जोडपं, नवरा होडी घेऊन जातो आणि वादळ सुटतं... "शेवटी तो जातो हो. ती नुसती किनाऱ्यावर बसून राहते. मला जेवण गेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही शेवट नीट पाहिला नाही. तो मरत नाही. पहाटे जीप येते. तो अंगावर घोंगडी घेऊन उतरतो. ती आधी त्याला चांगली झापते, मग चहा देते."

"काकू, बेटावर जीप कुठून आली? पोहत?"

सगळे हसले. मी अजिबात मागे हटले नाही. सिनेमात काहीही येतं, म्हटलं. हरेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना कांदाभजी खाऊ घालायची, असं ठरलं.

एकटे वसंतभाऊ हसले नाहीत. ते दाभोसा गावचे. पूर्वी आमच्या ह्यांच्याबरोबर जव्हार-नाशिक काळी-पिवळी जीप चालवायचे. एरवी सगळ्यात जास्त तेच बोलतात. त्या दिवशी चहाचा ग्लास नुसता हातात फिरवत बसले.

आता खरं सांगते. तो सिनेमा मी पाहिलेलाच नव्हता.

ह्यांची जीप सकाळी नाशिकला पोचायची. परतीचे पॅसेंजर भरेपर्यंत तीन-चार तास मोकळे असायचे. मग हे मॅटिनीला जाऊन बसायचे. संध्याकाळी मी काजे-बटणं करत असायची आणि हे समोर बसून अख्खा सिनेमा सांगायचे, मारामारीसकट, पावसाच्या आवाजासकट. मी आयुष्यात थिएटरात दोनदाच गेले, पण सिनेमे मला ढिगाने येतात ते असे.

सोमवारी दुपारी दुकान बंद करून मी तो सिनेमा लावला. अर्ध्याहून जास्त मला पाठच होता. हे सांगायचे तसंच सगळं. तोच दरवाजा, तोच कंदील...

आणि शेवटी तो मेला. जीप आलीच नाही.

मी शेवटची दहा मिनिटं पुन्हा लावली. तरी आली नाही.

मला रडू आलं नाही, राग आला. कारण मला ती दुसरी गोष्ट आठवली. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या नाशिकला तपासण्या झाल्या. घरी येऊन म्हणाले, साधं आहे, गोळ्यांनी जाईल. मी विश्वास ठेवला. चार महिन्यांनी ते गेल्यावर जीपच्या सीटखाली तपासण्यांची फाईल सापडली. माझं शिक्षण सातवी, पण वाचनाची सवय आहे. शब्द अडले ते विचारून घेतले. त्यात सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं, तारखेसकट.

तेव्हापासून माझं ह्यांच्याशी मनातल्या मनात भांडण आहे. मला कळलं असतं तर मी ते चार महिने लोकांचे ब्लाउज शिवत बसले नसते...

काल रविवार होता. मी भजी तळली आणि सरळ सांगितलं, "मॅडम जिंकल्या. तो मरतो."

तेव्हा वसंतभाऊ बोलले. "वयनी, तो पिक्चर आम्ही दोघांनी बरोबर पाहिला. दादा बाहेर आला न् गाडीत बसून राहिला. पॅसेंजर ओरडायला लागले तरी चावी फिरवेना. मला म्हणाला, वश्या, हे मी हिला घरी जाऊन कसं सांगू?"

"मग?"

"मग त्र्यंबकच्या पुढे आलो तेव्हा म्हणाला, जमलं. जीप पाठवतो."

 मला हसूच आलं. घाट उतरता उतरता हा माणूस माझ्यासाठी शेवट बनवत होता. आणि ड्रायव्हर असल्यामुळे त्याला समुद्रातही जीपच सुचली.

वर्षा मॅडम म्हणाल्या, "काकू, काकांचा शेवट पूर्ण सांगा ना." मी सांगितला. घोंगडी, झापणं, चहा, सगळं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, भजी आम्ही करायला हवी होती.

फाईल लपवली ते चूकच होतं. आजही माझं तेच मत आहे आणि ते बदलणार नाही. पण तीन वर्षं मला वाटत होतं की ह्यांनी मला परकं केलं. तसं नव्हतं. तपासण्यांच्या दिवशीही हे तोच घाट उतरत माझ्यासाठी शेवट शोधत होते... आणि तेव्हा मात्र पाठवायला जीप नव्हती.

ह्यांनी सांगितलेले सिनेमे मी आता एकेक करून बघणार आहे, पार शेवटापर्यंत. फक्त मोबाईलवर सिनेमा लावायच्या आधी ह्यांचा शेवट वहीत लिहून ठेवते.